काठी रिकामी का होती?

सप्रेम नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत 'द क्वीन' (२००६) या, डायनाच्या मृत्यूनंतरच्या आठवड्यात राणी एलिझाबेथ कशी वागली हे दाखवणाऱ्या चित्रपटावरचा लेख वाचला. सोबत बकिंगहॅम राजवाड्याचे छायाचित्र आहे आणि खाली ओळ आहे, 'डायनासाठी अर्ध्यावर उतरवलेला राणीचा ध्वज'. छायाचित्रात दिसतो तो युनियन जॅक, म्हणजे ब्रिटनचा राष्ट्रध्वज. राणीचा ध्वज, म्हणजे रॉयल स्टँडर्ड, अर्ध्यावर कधीच येत नाही. चूक एका ओळीपुरती असती तर पत्र लिहिले नसते. पण त्या आठवड्यातले राणी आणि लोकांमधले निम्मे भांडण राजवाड्याच्या याच ध्वजकाठीवरून पेटले आणि चित्रपटाचा कणाही तोच आहे. ते निसटले की 'दगडाच्या काळजाची राणी' एवढेच हाती उरते, आणि लेखात नेमके तसे झाले आहे.

रॉयल स्टँडर्ड ही राजा किंवा राणी त्या वास्तूत हजर असल्याची खूण. राणी आत असली की तो वर, बाहेर पडली की खाली. शोकाशी त्याचा काही संबंध नाही. राजा गेला तरी तो अर्ध्यावर येत नाही, कारण त्याच क्षणी वारस गादीवर आलेला असतो. आणि १९९७ पर्यंत बकिंगहॅमच्या काठीवर दुसरा कुठला ध्वज लावायची रीतच नव्हती. ३१ ऑगस्टच्या पहाटे पॅरिसमध्ये डायना गेली तेव्हा राणी स्कॉटलंडात बाल्मोरलला होती, म्हणून काठी उघडी. लंडनभर ध्वज अर्ध्यावर आणि फुलांचा ढीग जिथे साचतोय तिथल्याच काठीवर काही नाही! फाटकाबाहेरच्या माणसाला नियम कुठून ठाऊक असणार? त्याला दिसला तो कोरडेपणा. आपल्याकडेही अंत्ययात्रेत कोण रडले नाही हे मोजणारे असतातच.

तोड निघाली ती ६ सप्टेंबरला. डायनाच्या अंत्यसंस्कारासाठी राणी वेस्टमिन्स्टर ॲबीकडे निघाली, स्टँडर्ड उतरला आणि त्याच काठीवर युनियन जॅक अर्ध्यावर चढला. जुना नियम शाबूत राहिला आणि लोकांचेही समाधान झाले. तेव्हापासून राजा-राणी राजवाड्यात नसताना तिथे युनियन जॅक असतो. ब्रिटनमध्ये 'अर्ध्यावर' म्हणजे खरे तर काठीच्या दोन तृतीयांश उंचीवर. ध्वजाच्या वर किमान ध्वजाच्याच उंचीइतकी मोकळी काठी दिसली पाहिजे. ११ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ यांच्यासाठी भारतात एक दिवसाचा दुखवटा पाळला गेला आणि तिरंगा अर्ध्यावर आला. तो आणायची पद्धत दोन्हीकडे सारखी: आधी थेट टोकापर्यंत चढवायचा, क्षणभर थांबवायचा, मग खाली घ्यायचा, उतरवतानाही आधी टोकाला न्यायचा. खालून चढवता चढवता मध्येच बांधून टाकणे चूक.

दुसरी अडचण डायनाच्या दर्जाची. २८ ऑगस्ट १९९६ ला घटस्फोट झाला आणि 'हर रॉयल हायनेस' ही उपाधी गेली. भावी राजाची आई, पण स्वतःकडे ती उपाधी उरलेली नाही, अशा व्यक्तीचे अंत्यसंस्कार कसे करायचे याचा आराखडा कुणाकडे तयार नव्हता. हाताशी होता तो राजमातेसाठी, म्हणजे राणीच्या आईसाठी, आखलेला, 'टे ब्रिज' या सांकेतिक नावाचा. तोच घेतला, सैनिकांच्या रांगांऐवजी डायना ज्या धर्मादाय संस्थांशी जोडलेली होती त्यांचे कार्यकर्ते चालवले. राजमाता तेव्हा ९७ वर्षांच्या आणि ठणठणीत! आपल्या अंत्ययात्रेचा आराखडा दुसऱ्या कुणासाठी वापरला जातोय हे त्यांना कळते तो प्रसंग चित्रपटात आहे. राजमाता झालेल्या सिल्व्हिया सिम्सचा चेहरा तिथे जरूर पाहावा. हसावे की नाही, कळत नाही.

लेखकाने चित्रपटाला 'माहितीपटासारखा' म्हटले आहे. तसे वाटते, पण ते मुद्दाम घडवलेले आहे. दिग्दर्शक स्टीफन फ्रिअर्स यांनी राजघराण्याचे प्रसंग ३५ मिलिमीटर फिल्मवर घेतले आणि पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्याकडचे १६ मिलिमीटरवर. म्हणून बाल्मोरल स्वच्छ, स्थिर आणि गडद, तर ब्लेअरांचे घर-कार्यालय दाणेदार, वृत्तवाहिनीच्या जवळ जाणारे.  डायना दिसते ती मुख्यतः त्या काळच्या खऱ्या चित्रफितींत. तिच्या मुलांचे, दोन राजपुत्रांचे, चेहरेही कॅमेरा जवळून दाखवत नाही. घरी पाहणाऱ्यांना एक सांगणे: आजच्या टीव्हीवर 'नॉईज रिडक्शन' आणि 'मोशन स्मूदिंग' बहुतेक वेळा आधीपासून चालू असतात. पहिले दाणे पुसून टाकते, दुसरे हालचाल मालिकेसारखी गुळगुळीत करते, आणि दोन जगांतला फरक नाहीसा होतो. दोन्ही बंद करून पाहावे.

आता बाल्मोरलच्या रानात राणीसमोर एक हरीण येते तो प्रसंग. लेखात तो 'सत्य घटना' म्हणून आला आहे. तो पटकथाकार पीटर मॉर्गन यांच्या कल्पनेतला आहे. पण त्याआधीची दोन मिनिटे पाहा. राणी एकटी लँडरोव्हर घेऊन निघते, ओढ्यातल्या दगडांत गाडी अडकते. उतरून ती गाडीखाली डोकावते आणि इस्टेटीवरच्या माणसाला फोनवर सांगते की प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) तुटलाय, मागचा नव्हे, पुढचा. पुढचा तुटला की पुढच्या चाकांना ताकद जात नाही, फोर-व्हील गेलेच. मागची दोन चाके ओल्या गोट्यांवर नुसती गरगरतात. हे तिला कळते, कारण १९४५ मध्ये सैन्याच्या महिला दलात तिने गाडी चालवण्याचे आणि दुरुस्तीचे शिक्षण घेतले होते, आणि ते मात्र खरे. मग ती रडते, तेव्हा कॅमेरा तिच्या पाठीमागे आहे. चेहरा आपल्यालाही दाखवलेला नाही. 'चेहरा दाखवा' म्हणून देश ओरडत असताना घेतलेला हा निर्णय राणी झालेल्या हेलन मिरेन यांच्या ऑस्करइतकाच मोलाचा. पुढे तेच हरीण शेजारच्या इस्टेटीवर पैसे भरून आलेल्या पाहुण्याने मारल्याचे कळते आणि राणी टांगलेले धड पाहायला जाते. इथे रूपक जरा जास्तच ठळक झाले आहे, डायनाच्या बाजूला चक्क बोट दाखवल्यासारखे. राणीचे पती प्रिन्स फिलिप तर नुसते चिडके म्हातारे करून टाकले आहेत. जेम्स क्रॉमवेलसारखा नट वाया गेला.

ब्लेअर राणीचे वाली ठरतात, असेही लेखात आहे. ते अर्धेच. राणीसमोर पाठ दाखवायची नाही आणि संबोधन 'मॅम', 'माम' नव्हे, ही शिकवणी घेऊन ते पहिल्या भेटीला जातात. आठवड्याच्या शेवटी तेच तिला लंडनला आणतात. ५ सप्टेंबरला संध्याकाळी राणी थेट प्रक्षेपणात बोलली, मागच्या खिडकीतून बाहेरची गर्दी दिसत होती. 'तुमची राणी आणि एक आजी म्हणून' या भाषणातल्या शब्दांपैकी 'आजी' हा शब्द चित्रपटात ब्लेअरांच्या माणसांकडून येतो. अखेरच्या भेटीत राणी त्यांना बजावते की लोक एक दिवस तुमच्यावरही असेच उलटतील. चित्रपट आला २००६ मध्ये, इराक युद्धामुळे ब्लेअर यांची लोकप्रियता ओसरलेली असताना. जून २००७ मध्ये ते पायउतार झाले. हा टोला लेखातून सुटला आहे.

आणि फाटकाबाहेरचा प्रसंग. फुलांवरच्या चिठ्ठ्या राणी वाचत जाते, त्यांतल्या काही तिच्याविरुद्धच आहेत. एका मुलीच्या हातात फुले पाहून 'मी ठेवू का?' असे विचारते. मुलगी म्हणते, 'नाही.' मिरेन यांचा चेहरा क्षणभर पडतो. मग कळते, फुले राणीसाठीच आणलेली आहेत.

पुढच्या रविवारी छायाचित्राखालची ओळ एवढी दुरुस्त करून छापावी: 'बकिंगहॅम राजवाड्यावर अर्ध्यावर आणलेला युनियन जॅक'.

आपले,
चित्रपट मंडळाचे काही सभासद, सातारा