बर्फाचे ऐंशी कॅलरी आणि भांड्यावरचे दव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रात्यक्षिकांच्या वह्या तपासायला घेतल्या की कोकणातल्या कुठल्याही तालुक्यात एक आकडा हमखास भेटतो. बर्फाच्या वितळणाचा अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न वाढता नुसते वितळायला लागणारी उष्णता, ८० कॅलरी प्रतिग्रॅम, फार तर ७९.५. एकेका अंशाच्या खुणांच्या तापमापीवर एवढे नेमके उत्तर सगळ्या वर्गाचे येणे शक्य नाही, हे तपासणाऱ्यालाही कळते. प्रत्यक्ष टेबलावर उत्तर सत्तरीच्या आसपास घुटमळते. मग ‘कॅलरीमापी जुना झाला’ असे म्हणून आकडे मागून पुढे जुळवले जातात. आमचे म्हणणे असे की दोष बहुतेक वेळा भांड्याचा नसतो. किनाऱ्यावरच्या हवेत देशावरची कृती जशीच्या तशी केली जाते, तिथे गणित चुकते, आणि ते दुरुस्त करता येते.

आधी भांड्याविषयी. शाळेतला कॅलरीमापी म्हणजे तांब्याचे पातळ भांडे, तांब्याचाच ढवळा, दोन भोकांचे झाकण आणि हे सगळे बसवायला लाकडी पेटी. मधल्या जागेत लोकर, नमदा किंवा कापूस. तांबेच का? एक तर ते उष्णता झटकन पसरवते, त्यामुळे पाणी आणि भांडे एकाच तापमानाला राहतात. दुसरे, त्याची विशिष्ट उष्माधारकता ग्रॅमला अंशामागे ०.३८५ ज्यूल, म्हणजे पाण्याच्या सुमारे अकरावा हिस्सा. भांडे स्वतः फार उष्णता गिळत नाही. भांडे आणि ढवळा मिळून ६० ग्रॅम असतील तर ते साडेपाच ग्रॅम पाण्याइतकी उष्णता घेतात. हा ‘जलतुल्यांक’ धरला नाही आणि पाणी १०० ग्रॅम असेल, तर साडेपाच टक्के चूक तिथेच झाली. अल्युमिनिअमचे भांडे घेतले तर तांब्याचा ०.३८५ हा आकडा वापरून चालत नाही, त्याचा ०.९ आहे. हे सांगायला लागू नये, पण लागते.

भांडे बाहेरून चकचकीत ठेवायचे ते शोभेसाठी नव्हे. घासलेले तांबे उष्णता फार कमी बाहेर फेकते, काळवंडलेले कितीतरी जास्त. खाऱ्या हवेत ते दोन-तीन महिन्यांत काळे पडते, कडांना हिरवट पुटे धरतात. आमसुलाने किंवा चिंचेने घासावे, मग साध्या पाण्याने आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे; आंबट अंश राहिला तर आठवड्यात पुन्हा डाग. घासल्यावर वजन पुन्हा करावे. भांड्याच्या बुडाला रंगाने लिहिलेले वजन कधीचे असते देव जाणे. पेटीतली लोकर पावसाळ्यात ओल धरते आणि ओली लोकर उष्णता अडवायच्या ऐवजी पुढे ढकलते. प्रयोगाच्या आदल्या दिवशी ती उन्हात टाकावी, ऊन नसेल तर भाताच्या वाळल्या तुसाने पोकळी भरावी. फुगलेले लाकडी झाकण नीट बसत नसेल तर जाड पुठ्ठ्याचे कापून घ्यावे.

आता मुख्य मुद्दा, दवाचा. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात उष्णतेच्या धड्यातच दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे दव होऊ लागते ते) आहे आणि त्याच धड्यात कॅलरीमापीही आहे. प्रयोगशाळेत मात्र दोघांची गाठ कोणी घालून देत नाही.

नेहमीची चाल पाहा. नळाचे पाणी १५० ग्रॅम, तापमान खोलीचेच, समजा २८ अंश सेल्सिअस. त्यात २० ग्रॅम बर्फ टाकला. तापमान किती उतरले त्यावरून बर्फाने किती उष्णता घेतली ते काढायचे. भांडे-ढवळा ६० ग्रॅम धरून हिशेब केला तर शेवटचे तापमान साडेपंधरा अंशांच्या जवळ जाते. खोलीतली आर्द्रता ८० टक्के असेल तर २८ अंशांच्या हवेचा दवबिंदू साधारण २४ असतो. म्हणजे पाणी २४ च्या खाली गेल्यापासून भांड्याच्या बाहेरून दव धरायला लागते, आणि दव धरताना वाफ आपली उष्णता भांड्याला देऊन टाकते. एक ग्रॅम दवामागे सुमारे २४५० ज्यूल. पेटीशिवाय उघड्या टेबलावर पाच मिनिटे ढवळत बसले आणि पाव ग्रॅम दव साचले, तर सहाशेवर ज्यूल फुकट आत आले, पाणी तेवढे कमी गार झाले. २० ग्रॅम बर्फात वाटले की ग्रॅमला ३१ ज्यूल. खरा आकडा ३३४ ज्यूल, म्हणजेच ते ऐंशी कॅलरी. वहीत येणार ३०३, म्हणजे साडेबहात्तर कॅलरी. गार भांड्याने खोलीतून घेतलेली साधी उष्णता यात अजून धरलेलीच नाही. ती धरली की ‘सत्तरीच्या आसपास’ कुठून येते ते कळते. देशावर हिवाळ्याच्या दुपारी २८ अंश आणि ३० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू ९ च्या आसपास उतरतो. तिथे हाच प्रयोग याच मापांनी केला तर भांडे कोरडे राहते. कृती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा तेच भांडे असावे.

वर, शेवटचे वजन करताना ते दव न पुसता भांडे तराजूवर ठेवले की पाव ग्रॅम दव बर्फाच्या वजनात जमा होते. शेवटचे तापमान टिपून झाल्यावर भांडे बाहेरून सुक्या फडक्याने पुसायचे आणि मगच वजन करायचे. झाकणाच्या आतल्या बाजूचे थेंब मात्र पुसू नयेत. ते आतलेच पाणी आहे, भांड्यात झटकावेत.

बर्फाच्याही दोन परी आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट दिशेने चुकवतात. फ्रीजरमधून थेट काढलेला बर्फ उणे १८ अंशांना असतो. तो शून्यावर यायलाच ग्रॅममागे ३८ ज्यूल खातो, त्यामुळे उत्तर वर जाते. बाहेर ठेवलेला बर्फ शून्यावर असतो पण ओला. २० ग्रॅममध्ये एक ग्रॅम आधीच पाणी असेल तर उत्तर पाच टक्के खाली. गंमत अशी की फ्रीजरचा कडक बर्फ आणि भांड्यावरचे भरपूर दव असे एकत्र आले की ३८ वर आणि ३१ खाली, उत्तर छान ऐंशीच्या शेजारी. अशा वहीला पूर्ण गुण मिळतात. बर्फ टिपून घेतलेल्या, पण दव न ओळखलेल्या मुलीचे ७२ येतात आणि तिला ‘पुन्हा करा’ सांगितले जाते!

मग करायचे काय? प्रयोगाच्या आधी दहा मिनिटे काढून त्याच भांड्याने दवबिंदू मोजावा. अर्धे भांडे पाणी, त्यात बर्फाचे बारीक खडे एकेक करून टाकत ढवळावे. चकचकीत तांब्यावर पहिली धूसर छटा दिसली की तापमान टिपावे, मग छटा जाताना पुन्हा टिपावे, दोन्हींची सरासरी घ्यावी. तोंड लांब ठेवावे, श्वासानेही काच आणि तांबे धूसर होतात. आता बर्फ एवढाच घ्यायचा की शेवटचे तापमान दवबिंदूच्या निदान पाऊण अंश वर राहील, आणि सुरुवात खोलीपेक्षा साधारण तेवढीच वर करायची जेवढे खाली जायचे आहे. पहिल्या अर्ध्यात गेलेली उष्णता दुसऱ्या अर्ध्यात परत येते. रम्फर्ड या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी जुनी युक्ती हीच.

उदाहरण घेऊ. खोली २८.५, आर्द्रता ८० टक्के, दवबिंदू २४.७. पाणी १५० ग्रॅम, कोमट करून ३२ अंशांवर. लक्ष्य २५.५. पाणी आणि भांडे मिळून अंशाला ६५० ज्यूल, साडेसहा अंशांचे ४२२५. एक ग्रॅम बर्फ वितळून २५.५ ला यायला सुमारे ४४० ज्यूल लागतात. म्हणजे बर्फ साडेनऊ ग्रॅम. वीस नव्हे, त्याच्या निम्मा. भांडे बाहेरून शेवटपर्यंत कोरडे राहते.

याची किंमत मात्र मोजावी लागते. तापमानातला फरक साडेबारा अंशांऐवजी साडेसहाच उरतो, म्हणून तापमापीतली चूक मोठी दिसते. अर्ध्या अंशाच्या खुणांचा तापमापी घेऊन दोन्ही वेळा पाव अंशाने उलटसुलट वाचले तर उत्तरात दहा टक्के फरक पडतो. दशांश अंशाचा तापमापी घेतला तर तोच दोन टक्क्यांवर येतो. प्रत्येक शाळेला असे पंधरा तापमापी परवडणार नाहीत, पण दोन परवडतात. गटांनी पाळीपाळीने प्रयोग करावा. आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक तापमापीही चालतो. त्याचा दशांश खरा असतोच असे नाही, पण दोन्ही वाचने त्याच एकाने घेतली तर फरक बराच विश्वासार्ह येतो. वितळत्या बर्फात तो शून्य दाखवतो का, तेवढे आधी बघून घ्यावे.

बर्फ शेंगदाण्याएवढा फोडून बशीत ठेवावा, कडा चकाकायला लागल्या की तो शून्यावर आला. मग टिपकागदाच्या दोन पदरांत दाबून, चिमट्याने उचलून लगेच पाण्यात. बोटांनी उचलू नये. खडा पाण्याखाली राहील असे जाळीच्या ढवळ्याने धरावे. तापमान दर अर्ध्या मिनिटाला टिपावे, बर्फ टाकण्याआधी तीन मिनिटे आणि सगळा विरघळल्यावर पुढे पाच मिनिटे. आलेखावर शेवटची तिरकी रेघ मागे ओढली की खोलीने दिलेली उष्णता वजा करता येते. नुसते ‘सर्वांत कमी तापमान’ लिहिण्यापेक्षा हे बरे.

वाफेचा अप्रकट उष्मा मोजायचा प्रयोग किनाऱ्यावर उलट सोपा आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० ला उकळते. पावसाळ्यात वायुदाब उतरला तरी फरक काही दशांशांचाच. महाबळेश्वरच्या उंचीवर हाच आकडा ९५-९६ होतो. इथे चूक होते ती वाफेबरोबर येणाऱ्या थेंबांनी. नळीत वाटेत पाणी अडवणारी बाटली हवी, आणि नळी फडक्याने गुंडाळलेली. वाफेचा अप्रकट उष्मा ५४० कॅलरी. एक ग्रॅम वाफेच्या जागी गरम पाण्याचा थेंब आला की तो यातले काहीच आणत नाही. तापवलेला धातूचा गोळा पाण्यात टाकायच्या प्रयोगाचेही तसेच. १०० ग्रॅम पितळी गोळा अंशाला ३८ ज्यूल आणतो, त्याला चिकटलेले अर्धा ग्रॅम गरम पाणी दोनहून जास्त. म्हणून गोळा उकळत्या पाण्यात न बुडवता वाफेच्या कोरड्या पोकळीत वीसेक मिनिटे तापवावा.

लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये बर्फाचा कॅलरीमापी वापरला तेव्हा आतल्या मोजायच्या बर्फाभोवती बाहेरून आणखी एक बर्फाचा थर ठेवला होता. खोलीची उष्णता त्या बाहेरच्या बर्फाने घ्यावी, आतल्याला लागू नये. त्यांच्याकडे हिवाळा होता. आपल्याकडे नाही, म्हणून दवबिंदू मोजायचा.

हा हिशेब शाळेपुरता नाही. काजूची टरफले, लाकडाचा भुसा यांच्या कांड्या आता इंधन म्हणून टनावर विकल्या जातात आणि सोबत उष्मांकाचे, म्हणजे जळताना किती उष्णता मिळते त्याचे, प्रमाणपत्र येते. तो आकडा बाँब कॅलरीमापीचा असतो. पोलादी बंद भांड्यात एक ग्रॅमची वडी, वर २५-३० पट वायुदाबाचा प्राणवायू, बाहेर सुमारे दोन लिटर पाणी. वडी विजेच्या तारेने पेटवायची आणि पाणी किती अंश चढले ते हजाराव्या हिश्श्यापर्यंत वाचायचे. भांड्याचा जलतुल्यांक ठरवायला बेंझॉइक आम्ल जाळतात, ग्रॅमला २६.४ किलोज्यूल, ते निवडण्याचे एक कारण ते हवेतली ओल ओढत नाही हे आहे. कांडी मात्र ओढते. कोरड्या वडीचा उष्मांक किलोला १८ मेगाज्यूल असेल आणि गोदामातल्या मालात १५ टक्के ओल असेल, तर हातात १५.३ पडतात, आणि भट्टीतून वाफ बाहेर जाताना त्यातलेही काही नेते. घेणाऱ्याने प्रमाणपत्रावर ‘कोरड्या नमुन्यावर’ की ‘आला तसा’ हे आधी वाचावे.

शिक्षण विभागाला आणि परीक्षकांना विनंती एवढीच आहे. वहीतल्या निरीक्षण तक्त्यात खोलीचे तापमान, दवबिंदू, भांड्याचे त्या दिवशीचे वजन आणि बर्फ कुठून आणला, कसा टिपला, हे चार रकाने वाढवावेत. उत्तर ७४ आले आणि विद्यार्थ्याने ते का कमी आले हे ज्यूलमध्ये मांडून दाखवले, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत. आणि पावसाळ्यात हा प्रयोग ठेवायचाच असेल तर पाणी ३२ अंशांवरून सुरू करायला सांगावे, नळावरून थेट नको.

आपले,
भौतिकशास्त्र शिकवणारे काही शिक्षक व प्रयोगशाळा सहायक,
रत्नागिरी–सिंधुदुर्ग