प्रसिद्धी शुल्क घेतले, प्रसिद्धी मात्र केली नाही

प्रति,
व्यवस्थापक,
कार्यक्रम व आरक्षण विभाग

विषय : प्रसिद्धी शुल्क पूर्ण वसूल करूनही आमच्या कार्यक्रमाची प्रसिद्धी न करणे, रिकाम्या सभागृहाचे खापर बँडवर फोडणे आणि शुल्काच्या परतीची मागणी.

महोदय,

आपल्या आरक्षण विभागाशी काल झालेले फोनवरचे बोलणे शेवटचे, असे ठरवून हे पत्र लिहीत आहे. यापुढे जे काही व्हायचे ते लेखी होईल. गेल्या महिन्यात आपल्या सभागृहात आमच्या बँडचा कार्यक्रम झाला, निम्म्याहून अधिक सभागृह रिकामे राहिले आणि त्या रात्रीच्या हिशेबात सर्व कपाती झाल्यावर आमच्या हाती काहीही उरले नाही. एखादा कार्यक्रम न चालणे हा आमच्या व्यवसायातला धोका आहे, तो आम्ही पत्करलेला आहे आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार अशी आहे की, लोकांपर्यंत कार्यक्रम पोहोचवण्याचे काम आपल्या कंपनीने पैसे घेऊन अंगावर घेतले, ते केले नाही आणि नंतर सभागृह का भरले नाही याचा जाब आम्हांलाच विचारला.

करार आपल्याच कंपनीने तयार केलेला आहे, त्यामुळे त्यातील कलमे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. तिकीटविक्रीतून आधी सभागृहाचे भाडे वळते होते, मग ध्वनियंत्रणा आणि तंत्रज्ञांचा खर्च, मग 'प्रसिद्धी शुल्क' या नावाची स्वतंत्र रक्कम, आणि एवढे सगळे वजा करून जे उरते त्यातही आपला वाटा असतो. या प्रसिद्धी शुल्काच्या बदल्यात कार्यक्रमाची प्रसिद्धी आपल्या 'नेहमीच्या माध्यमांतून' केली जाईल, असे करारात लिहिलेले आहे. नेहमीची माध्यमे म्हणजे संकेतस्थळावरील कार्यक्रमपत्रिका, आजवर तिकीट काढलेल्या प्रत्येकाला दर आठवड्याला जाणारे ईमेल, समाजमाध्यमांवरील आपली पाने आणि प्रवेशद्वाराजवळचे फलक, हे आपल्याच माहितीपत्रकात छापलेले आहे.

प्रत्यक्षात काय झाले तेही सांगते. तिकीटविक्री सुरू झाल्यानंतर बऱ्याच उशिरा आमचा कार्यक्रम संकेतस्थळावर दिसू लागला आणि तो दिसला तेव्हा बँडचे नाव चुकीचे होते, दारे उघडण्याची वेळ कार्यक्रमाची वेळ म्हणून टाकलेली होती आणि तिकिटाचा दुवा दुसऱ्याच कार्यक्रमाच्या पानावर जात होता. नाव आणि वेळ कळवल्यावर दुरुस्त झाली. दुवा मात्र बरेच दिवस तसाच होता. त्या आठवड्याच्या ईमेलमध्ये आमच्या आदल्या रात्रीचा कार्यक्रम होता, दुसऱ्या रात्रीचा कार्यक्रम होता, आणि मधली आमची रात्र नव्हती. पोस्टर आम्ही आपण सांगितलेल्या मापात, आपण सांगितलेल्या तारखेच्या आधी, आमच्या खर्चाने छापून पोहोचती केली होती आणि ती मिळाल्याची पोचही आपल्या कार्यालयाने दिली होती. कार्यक्रमाच्या दिवशी साउंडचेकसाठी आम्ही आलो, तेव्हा ती सगळी पोस्टर तिकीट खिडकीच्या मागे कोपऱ्यात उभी होती. गुंडाळी आम्ही बांधली होती तशीच होती आणि तिच्यावरचे रबरसुद्धा निघालेले नव्हते.

आता कालच्या फोनबद्दल, कारण हे पत्र लिहिण्याची वेळ त्या फोनमुळेच आली. त्या आठवड्याच्या ईमेलमध्ये आमचा कार्यक्रम का नव्हता, एवढाच प्रश्न मी शांतपणे विचारला होता. पलीकडून उत्तर आले, "ईमेलमध्ये आम्ही चालणारे कार्यक्रम टाकतो." लोकांना कळवण्याआधीच कार्यक्रम चालणार नाही हे कसे ठरले, असे मी विचारले. त्यावर काही क्षण शांतता होती, मागे कोणीतरी हसल्याचा आवाज आला, आणि मग मला सांगण्यात आले, "मॅडम, तुम्ही बँडमध्ये पाच जण आहात ना? प्रत्येकाने चाळीस-पन्नास माणसे आणली असती तर हॉल भरला असता. तुम्हां लोकांना मित्र, नातेवाईक कोणी आहेत की नाहीत?" मी प्रसिद्धी शुल्काचा विषय काढला, तर "ते सगळ्यांनाच लागते" असे उत्तर मिळाले. कशाबद्दल लागते, असे विचारल्यावर "ते सिस्टिममध्येच आहे" असे सांगण्यात आले. शेवटी आपल्या प्रतिनिधींनी चढ्या आवाजात ऐकवले, "सगळ्या जगात बँडच आपापली प्रसिद्धी करतात. आम्ही फक्त दार उघडतो." वरिष्ठांशी बोलायचे आहे असे म्हटल्यावर मला होल्डवर ठेवण्यात आले. होल्डवर असताना आपल्या येत्या आठवड्यातील कार्यक्रमांची ध्वनिमुद्रित जाहिरात पुन्हा पुन्हा ऐकू येत होती. त्या जाहिरातीत नावे होती, तारखा होत्या, वेळा होत्या. आमच्या कार्यक्रमाच्या आधीही मी अनेकदा अशीच होल्डवर थांबले आहे आणि त्या जाहिरातीत आमचे नाव कधीही ऐकलेले नाही. थोड्या वेळाने फोन बंद झाला आणि नंतर आपल्याकडून कोणाचाही फोन आला नाही.

नातेवाइकांबद्दल विचारलेच आहे तर त्याचेही उत्तर देते. आमच्या घरची माणसे आली होती, मित्र आले होते, आणि त्यांपैकी बहुतेकांनी तिकीट काढले होते, कारण गेस्ट लिस्टमधील जागा आपल्या कराराने अगदी मोजक्या ठेवलेल्या आहेत. आमच्या श्रोत्यांना कळवण्याचे काम आमचे होते आणि ते आम्ही मनापासून केले. आमच्या यादीतील प्रत्येकाला आम्ही लिहिले, प्रत्येक सदस्याने आपापल्या पानावर वारंवार सांगितले, तालमीचे व्हिडिओ टाकले. समाजमाध्यमांवर पैसे न मोजता टाकलेली गोष्ट आपल्याच अनुयायांपैकी थोड्यांनाच दिसते, हे आपल्या विपणन विभागाला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, म्हणून पदरचे पैसे घालून जाहिरातीही दिल्या. त्या रात्री जे आले ते जवळपास सगळे आमच्या प्रयत्नाने आले. आले नाहीत ते आपले प्रेक्षक.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. दारे उघडल्यावर एक बाई आल्या. त्या आपल्याच सभागृहात नेहमी येतात आणि आपले ईमेल वाचूनच कार्यक्रम ठरवतात, असे त्यांनी सांगितले. वाटेने जाताना दिवे लागलेले दिसले म्हणून त्या चौकशी करायला आत आल्या होत्या आणि "आज काही आहे का?" असे त्यांनी विचारले. त्यांनी तिकीट काढले, शेवटपर्यंत थांबल्या आणि जाताना आमची रेकॉर्ड विकत घेतली. त्यांच्यासारखे आणखी किती जण त्या ईमेलच्या यादीत आहेत ते आपल्याला माहीत आहे. आम्हांला ते कधीच कळणार नाही, कारण तिकीट काढणाऱ्यांचे पत्ते आपल्याकडे राहतात आणि बँडला फक्त विकलेल्या तिकिटांचा आकडा मिळतो.

प्रसिद्धी कोणी करायची, हा प्रश्न या धंद्यात नवा नाही आणि त्याचे उत्तर पैशाच्या व्यवहारातच असते. प्रमोटर, म्हणजे कार्यक्रम लावणारा आयोजक, बँडला ठरलेली रक्कम देतो तेव्हा पैसा त्याचा अडकलेला असतो, म्हणून प्रसिद्धी तो करतो. बँड सभागृह नुसते भाड्याने घेते तेव्हा प्रसिद्धी बँडची असते, आणि दारावरचा सगळा पैसाही बँडचाच असतो. आपला करार या दोन्हींत बसत नाही. भाडेकरूकडून घ्यावे तसे भाडे आपण घेता, प्रमोटरने घ्यावा तसा तिकिटांत वाटा घेता, प्रसिद्धीचे वेगळे पैसे लावता आणि काम करायची वेळ आली की हात झटकता. शिवाय आमच्या कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर ठरावीक काळ जवळपासच्या कोणत्याही जागेत वाजवायचे नाही, ही अटही आपणच घातलेली आहे. परिसरातला प्रेक्षक अडवून ठेवण्याइतका आपला असेल, तर त्याला कार्यक्रम कळवण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

सगळ्या जगात बँडच प्रसिद्धी करतात, हे विधान तर साफ खोटे आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर या सभागृहात प्रमोटर बिल ग्रॅहॅम 1966 पासून नियमित कार्यक्रम लावू लागले, तेव्हा वेस विल्सन यांच्यासारख्या चित्रकारांकडून त्यांनी करून घेतलेली पोस्टर आज संग्रहालयांत आहेत. ती पोस्टर बँडनी आणून दिलेली नव्हती. कार्यक्रम लावणाऱ्याने स्वतः करून घेतली होती. याच ग्रॅहॅम यांनी एप्रिल 1970 मध्ये फिलमोर वेस्ट या आपल्या दुसऱ्या सभागृहात ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या आधी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांना वाजवायला लावले. रॉक ऐकायला आलेल्या त्या प्रेक्षकांपुढे जॅझमधला एवढा मोठा वादक उभा राहिला, तो काही आपले मित्र आणि नातेवाईक जमवून आला नव्हता. जागेने जमवलेला प्रेक्षक त्याला जागेनेच मिळवून दिला. न्यू यॉर्कचे व्हिलेज व्हॅनगार्ड हे जॅझ क्लब 1935 पासून चालू आहे. ते एक लहानसे तळघर आहे आणि आज कोण वाजवणार आहे हे नीट माहीत नसतानाही लोक तिथे तिकीट काढतात, कारण त्यांचा त्या जागेच्या निवडीवर विश्वास असतो.

आपल्या प्रतिनिधींच्या मनात असलेली पद्धतही जगात होऊन गेली आहे. लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिप या रस्त्यावरील संगीत क्लबांनी 1980 च्या दशकात बँडना आधी तिकिटे विकत घ्यायला लावून ती त्यांच्याच माथी मारण्याची पद्धत रूढ केली. 'पे टू प्ले' या नावाने ती कुप्रसिद्ध झाली. तिकिटे खपवण्यासाठी बँड त्याच त्या ओळखीच्या माणसांकडे हात पसरत राहतात, ती माणसे दोन-तीन कार्यक्रमांनंतर कंटाळतात आणि नवा श्रोता कुठूनच येत नाही. बँड आपले ओळखीचे लोक आणू शकते. अनोळखी माणूस आणणे फक्त जागेला जमते, कारण जागा रोज रात्री उघडी असते आणि बँड तिथे वर्षातून एकदा-दोनदा येते.

मला सर्वांत वाईट कशाचे वाटते, तेही लिहिते. आमच्यातील बहुतेक जण आपल्याच सभागृहात प्रेक्षक म्हणून घडले. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत नाव आहे, म्हणजे ऐकण्यासारखे असणार, या भरवशावर कधीही न ऐकलेल्या कलाकारांची तिकिटे आम्ही काढत आलो आणि त्यांतले काही कलाकार आज आमच्या मनात कायमचे बसलेले आहेत. त्या मंचावर आपणही एक दिवस उभे राहावे, ही इच्छा आम्ही बाळगून होतो. त्या सभागृहाच्या नावाने फोनवर बोलणारी व्यक्ती "आम्ही फक्त दार उघडतो" असे म्हणते, तेव्हा तो अपमान केवळ आमच्या बँडचा होत नाही. आजवर त्या मंचावर कोण वाजवणार हे विचारपूर्वक निवडलेल्या आपल्याच सहकाऱ्यांचाही तो अपमान आहे. केवळ दार उघडण्यासाठी कोणीही प्रसिद्धी शुल्क भरत नाही.

म्हणून आमची पहिली मागणी अशी की, प्रसिद्धी शुल्काची संपूर्ण रक्कम परत करावी. ती परत करायची नसेल, तर आमच्या कार्यक्रमासाठी कोणत्या तारखेला, कोणत्या माध्यमातून, काय प्रसिद्धी केली याचा तपशील पुराव्यासह द्यावा. त्या आठवड्याच्या ईमेलची प्रत त्यासोबत जोडावी; त्यात आमचे नाव नाही, हे मी पुन्हा लिहून ठेवते. कालचा फोन ज्यांनी घेतला त्यांनी बँडची लेखी क्षमा मागावी. आणि यापुढे कोणत्याही बँडशी करार करताना प्रसिद्धीतील कोणते काम सभागृहाचे आणि कोणते बँडचे, हे तिकीटविक्री सुरू होण्याआधी कलमवार लिहिलेले असावे, म्हणजे रिकाम्या सभागृहाचा हिशेब करताना कोणाला कोणाचे नातेवाईक मोजावे लागणार नाहीत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही कराराची प्रत आणि आपल्याशी झालेला सर्व पत्रव्यवहार वकिलांच्या हाती देणार आहोत. आपल्या सभागृहात वाजवण्याच्या विचारात असलेल्या, आमच्या ओळखीच्या प्रत्येक बँडला हे पत्रही दाखवणार आहोत. त्यांपैकी काहींनी आपल्याकडे तारखा धरून ठेवलेल्या आहेत आणि आपल्या उत्तराची ते आमच्याइतकीच वाट पाहत आहेत. उत्तर ईमेलने किंवा टपालाने पाठवावे. आपल्या कार्यालयाचा फोन आम्ही घेणार नाही.

बँडच्या वतीने,
कार्यक्रमांचे नियोजन पाहणारी सदस्य

सोबत : कराराची प्रत, पोस्टर मिळाल्याची पोच, संकेतस्थळावरील चुकीच्या नोंदीची छायाचित्रे, त्या रात्रीचा हिशेब.