वाचनालयांच्या ई-मेल चर्चागटांसाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार,

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा इथली मराठी साहित्य संमेलने ही सीमाभागाची खरी मिळकत. ती गावकरीच उभी करतात. वक्ता कोण, मांडव कुणाचा, पुस्तके कुठून आणायची, ही सगळी चर्चा आता मोबाइलवर होते आणि शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडली जाते. कुणाचा फोन बिघडला की गेल्या वर्षीचे ठरलेले सगळे गेले; नव्या कार्यकर्त्याला पुन्हा पहिल्यापासून विचारपूस करावी लागते.

म्हणून बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील वाचनालयांना स्वतःचे ई-मेल चर्चागट चालवता यावेत, यासाठी आमचे मंडळ काम करीत आहे. एकाच पत्त्यावर लिहिले की सर्व सभासदांना पोचते आणि विषयवार जपून राहते. आज आलेला सभासदही जुना पत्रव्यवहार वाचू शकतो. जांबोटी-कणकुंबीकडे पावसात रेंज जाते, तिथल्यांना दिवसभराचे संदेश एकाच मेलमध्ये घेता येतात.

गुगल ग्रुप्सवर गट उघडायला पैसे पडत नाहीत. घोडे अडते ते त्यानंतर. मंजुरीसाठी थांबलेले मेल कुठे दिसतात, मेल स्पॅममध्ये का गेला, बंद पडलेल्या पत्त्यांचे काय करायचे, हे ग्रंथपालांना शेजारी बसून दाखवणारे कुणी नाही. त्यात मराठीची अडचण सर्वांत मोठी. डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असतो. मेलमध्ये चिकटवला की नुसती वेडीवाकडी चिन्हे उमटतात. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वा मोबाइलवर नीट वाचता येईल अशा पद्धतीने, टाइप करायला शिकवणे हेच आमच्या मते निम्मे काम आहे.

तेव्हा आम्हाला आधी माणसे हवीत. संगणकतज्ज्ञच हवा असे नाही. रोज मेल वापरणारे शिक्षक, बँकेतले निवृत्त कर्मचारी, कॉलेजची मुले, सगळे चालतील. महिन्यातला एक रविवार एका वाचनालयाला द्या. एवढेच करा, की माऊस शिकणाऱ्याच्याच हातात राहू द्या. प्रत्येक गटाला दोन चालक तयार करायचे आहेत, शिवाय गटातल्या मजकुराची प्रतही वेळोवेळी आपल्याकडे उतरवून ठेवायला शिकवायचे आहे. याहू ग्रुप्स ही अशीच चर्चागटांची सेवा २०२० मध्ये कायमची बंद झाली, तेव्हा प्रत न ठेवलेल्या गटांचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार गेला.

चालू स्थितीतले जुने लॅपटॉप आणि इंटरनेटच्या खर्चासाठी देणगीही स्वीकारू. देणगीची पावती मिळेल. आपल्या गावच्या वाचनालयात नाव आणि सवडीचा वार लिहून ठेवा. आमचे कार्यकर्ते तिथून आपल्याशी संपर्क साधतील.

आपले,
कार्यकारी मंडळ