बारा हजार घोडे आणि अण्णांचे प्रश्न

टिळकवाडी, बेळगाव
श्रावणातला रविवार

प्रिय बंड्या,

फोटो पोचले. तुझा तो आवाजी निरोपही तीनदा ऐकला. मागं पंख्यांचा एवढा घोंघाट आहे की तू बोलतोयस का इंजिन, तेच कळत नाही. खरं तर अंगठा दाखवून मोकळा झालो असतो. पण लोंढ्याच्या फलाटावर माझ्याबरोबर इंजिनांचे नंबर वहीत उतरवणारा पोरगा नागपुरात बारा हजार घोड्यांच्या, म्हणजे हॉर्सपॉवरच्या, डब्ल्यूएजी-१२ या विजेच्या इंजिनावर बसतो, आणि मी नुसता अंगठा दाखवू? दुकान बंद आहे, पाऊस थांबायचं नाव घेत नाही, म्हणून पत्रच लिहायला बसलो.

परवा फोटो घेऊन खानापूरला गेलो होतो, तुझ्या रिटायर ड्रायव्हर अण्णांना दाखवायला. तू पाठवलेले त्यांच्या फोनवर उघडलेच नाहीत म्हणे. काकू हळूच म्हणाल्या, चष्म्याची काडी मोडून दोन आठवडे झाले, सांगत नाहीत कुणाला. (काडी मी बसवून आणली, काळजी करू नकोस.) तर माझा फोन त्यांनी देवघरातलं भिंग आणून बघितला. सोप्यात बसलेले, मांडीवर पानाचा डबा, हातात अडकित्ता. पहिलं वाक्य काय, तर "ही दोन इंजिनं आहेत की रे."

म्हटलं, एकच आहे अण्णा. दोन तुकडे कायमचे जोडलेत. बारा हजारी म्हणतात.

"बारा हजारी तर आपली जीएम."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं बघ. हुबळी शेडच्या जीएमचे, म्हणजे जनरल मोटर्सच्या त्या डिझेल इंजिनांचे, नंबर १२००१ पासून सुरू होणारे, म्हणून आपण त्यांना बारा हजारवाली म्हणायचो. तुमच्याकडं आता बारा हजार म्हणजे घोडे, आणि ती बिचारी जीएम चार हजार घोड्यांची. हा घोळ निस्तरेपर्यंत चहा आला.

मग अडकित्त्याचं टोक माझ्या फोनच्या काचेवर टेकवून त्यांनी एका अंगाची चाकं मोजली. जीव वर-खाली होत होता माझा. "चार, आठ. आठ ॲक्सल. वजन?" म्हटलं १८० टन. एका ॲक्सलवर किती टन, तो भागाकार तोंडीच. "साडेबावीस. जीएम १२६ ची, सहा ॲक्सलवर. एकवीस." आणि गप्प झाले. मी वाट बघत होतो की आता विचारतील, ओढतं किती. तयारी करून गेलो होतो रे! २०१५ मध्ये करार झाला, ८०० इंजिनांचा, फ्रान्सच्या आल्स्टॉमबरोबर, कारखाना बिहारात मधेपुऱ्याला. मे २०२० मध्ये सगळा देश घरात कोंडलेला असताना दीनदयाल उपाध्याय जंक्शनवरून, म्हणजे आपल्या जुन्या मुघलसरायवरून, ६००२७ नंबरचं इंजिन ११८ वाघिणी घेऊन निघालं, ती याची पहिली कामाची फेरी. यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. विचारलं काय, तर "धरतं कसं?"

धरतं म्हणजे उतारावर.

पुढचं सगळं तुझ्या घरचंच आहे, पण इतक्या वर्षांत मला त्यांनी ते पहिल्यांदा सांगितलं, म्हणून लिहितो. होस्पेटकडून खनिजाचा भरलेला रेक कॅसलरॉकला यायचा. तिथं ब्रेक तपासायचे, पुन्हा तपासायचे, आणि मग कुळेपर्यंत २६ किलोमीटर घाट. सदतीस फुटांना एक फूट उतार. पावसाळ्यात धुकं असं की पुढची वाघीण दिसत नाही, रुळावर पाणी, पाला, सगळं. अण्णा सांगत होते, "लोक दूधसागर बघायला खिडकीत गर्दी करायचे. मी दूधसागर रिटायर झाल्यावर बघितला." त्यांचं सगळं लक्ष हातात आणि नाकात. ब्रेक ब्लॉकचा करपट वास वाढला की गाडी हाताबाहेर चालली समजायचं. मी म्हटलं, चढाला जास्त त्रास होत असेल ना, पुढं इंजिनं, मागून रेटायला बँकर इंजिनं, कोळशाचा लोड घेऊन वर यायचं. तर म्हणाले, "चढावर गाडी अडली तर कंट्रोलच्या शिव्या खायच्या. उतारावर अडली नाही तर शिव्या खायला कोण उरतंय?"

म्हणून जीएम आली तेव्हा त्यांना तिचे चार हजार घोडे आवडले नव्हतेच. आवडला तो तिचा डायनॅमिक ब्रेक. उतारावर मोटरी उलट्या राबवायच्या. चाकं मोटर फिरवणार, मोटर करंट काढणार, आणि तो करंट छपरावरच्या जाळ्यांत जाळून टाकायचा. मोटरीचा असा अडसर झाला की वाघिणींच्या ब्लॉकवर कमी भार. मी सांगितलं, बंड्याच्या इंजिनात हेच आहे, फक्त तो करंट जाळत नाहीत, वरच्या तारेत परत सोडतात. आपल्या लाईनवर हल्ली सहा हजारांची डब्ल्यूएजी-९ येते, तिच्यातही तेच.

अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. बराच वेळ तसेच बसले. मग म्हणाले, "म्हणजे उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हात देते?"

म्हटलं, त्याच सेक्शनला असली तर देते.

"आणि आम्ही छपरावर नुसतं जाळत बसलो." हसले. पण सुपारी पुन्हा कातरायला घ्यायला वेळ लागला त्यांना.

तुला आठवतं का, आपण पहिली जीएम बघायला लोंढ्याला गेलो होतो ते? १९९९ मध्ये ती अमेरिकेहून आली, हुबळी शेडला दिली, आणि पुढच्या पावसाळ्यात कधीतरी तू निरोप धाडलास की लोंढ्याला उभी असते. कॉलेज बुडवून पॅसेंजरनं गेलो. आणि बघून तोंडं पडली दोघांची. धूर नाही! आपली जुनी डिझेल अल्को कशी, सुटताना काळाकुट्ट लोट सोडायची, धापा टाकल्यासारखी धडधडायची, अख्ख्या लोंढ्याला कळायचं गाडी सुटली म्हणून. ही नुसती शिट्टीसारखी घुमत उभी. तू म्हणालास, "हिला जीवच नाही." त्याच दिवशी एका साहेबानं माझ्या कॅमेऱ्यातला रोल काढून उन्हात धरला, फोटो काढायला बंदी आहे म्हणून. अठ्ठावीस फोटो झाले होते. त्यात जीएमचे चारच, बाकी मावशीच्या डोहाळजेवणाचे. मावशी अजून काढते विषय.

संध्याकाळी अण्णा ड्यूटीवरून आले, तर त्यांचं गाऱ्हाणं तिसरंच. हिला केबिन एकच. लांब नाक पुढं करून चालवायची वेळ आली की "सिग्नल शोधू का नाक सांभाळू?" असिस्टंट त्याच्या बाजूनं ओरडून सांगणार, ते ऐकून चालवायचं. पुढं दोन्हीकडं केबिन असलेली जीएम निघाली, पण तोवर अण्णा घरी बसले होते. तुझ्या इंजिनाला दोन्ही टोकांना तोंड आहे हे बघून मात्र त्यांनी मान डोलावली.

आता माझं सांगतो. मला या इंजिनाचं अप्रूप कशाचं, तर मोटरीचं. तू हसशील, पण बावीस वर्षं मोटरींचं वाइंडिंग भरतोय मी. अल्कोची मोटर डीसी, म्हणजे कॉम्युटेटर आला, कार्बन ब्रश आले, ठिणग्या आल्या, ब्रश झिजला की बदला. तुझ्या त्या १८० टनांच्या धुडाखाली आहे ती थ्री फेज इंडक्शन मोटर, जी आमच्या शहापूरच्या पिठाच्या गिरणीत आहे आणि येळ्ळूरच्या शेतातल्या पंपावर आहे. जातकुळी तीच. ना ब्रश, ना ठिणगी. फरक एवढाच, की तारेतून येतो २५ हजार व्होल्टचा सिंगल फेज, आणि इंजिन पोटात त्याचा डीसी करतं, डीसीचा पुन्हा थ्री फेज करतं, तोही पाहिजे त्या फ्रिक्वेन्सीचा. हळू जायचं तर हळू, जोर पाहिजे तर जोर. काल एक शेतकरी जळालेली मोटर घेऊन आला होता, त्याला हे कौतुकानं सांगायला गेलो. तो म्हणाला, "आम्हाला थ्री फेज रात्री दोन वाजता देतात. तुमच्या इंजिनाला एवढं जमतंय तर आमच्या बांधावर आणून उभं करा की." यावर काय बोलणार? तीनशे रुपये कमी घेतले त्याचे.

दुकानात दुपारी आपला रुळांची देखभाल करणारा गँगवाला आला होता, तुझ्या वर्गातला, तोच. (नाव लिहीत नाही, पत्र बायको वाचते आणि त्याच्या बायकोला सांगते.) त्यानं फोटो बघितला आणि अण्णांसारखाच आधी ॲक्सल लोड विचारला. साडेबावीस म्हटल्यावर तोंड वाकडं केलं. म्हणाला, "घोडे तुम्ही मोजा. खडी आम्ही भरतो." याचं पहिलं इंजिन २०१८ मध्ये मोठ्या समारंभानं बाहेर पडलं, आणि मग चाचण्यांत बोगीवर, म्हणजे खालच्या चाकांच्या सांगाड्यावर, आक्षेप निघाले, बोगीत बदल करावे लागले, असं मी वाचलेलं त्याला सांगितलं. म्हणजे थेट रुळावर आणून आदळलं नाही, एवढाच माझा मुद्दा. त्याला पटलं नाही, पण बरं वाटलं असावं. "बोगी बदलली म्हणजे कुणीतरी खाली वाकून बघितलं म्हणायचं," असं म्हणून वडापाव खाऊन गेला.

आणि दुसऱ्या रेल्वे गेटवरची पोरं! संध्याकाळी गेट पडलं की चार-पाच जणं मोबाईल वर धरून उभी असतात. मागं गाड्यांची रांग, हॉर्नचा कल्ला, रिक्षावाले कन्नड-मराठी दोन्हींत आईबाप काढतायत, आणि ही पोरं शांत. कुठल्या शेडचं इंजिन, कधी बनलं, सगळं पाठ. त्यांना तुझे फोटो दाखवले. एकजण म्हणाला, "काका, तोंड फ्रीजसारखं आहे." दुसऱ्यानं हॉर्नचा आवाज मागितला. तिसरा, जेमतेम बारावीचा असेल, त्याचा सूर वेगळाच. म्हणे तारा आल्यापासून जीएम कमी झाल्या, इलेक्ट्रिकला आवाजच नाही, जीवच नाही. मी त्याच्याकडं बघतच राहिलो. वय सोडलं तर तूच उभा होतास तिथं. त्यानं अल्को ऐकलेली नाही. त्याची अल्को म्हणजे जीएम. मी काही बोललो नाही, कारण तेवढ्यात मालगाडी आलीच, पुढं डब्ल्यूएजी-९, आणि खरंच सांगतो, इंजिन गेलं तेव्हा वाघिणींचाच खडखडाट जास्त होता. पोरानं व्हिडिओ काढला नाही. मी काढला.

बाकी इकडचं ठीक. तुला कुंदा पाठवणार होतो, पण या पावसात पोचेपर्यंत त्याचं काय होईल सांगता येत नाही. आईचे गुडघे तसेच. थोरल्याला हुबळीला अप्रेंटिसला घेतील असं वाटतंय, यादी लागायची आहे.

आता कामाचं. निघताना अण्णांनी मला फाटकापर्यंत आणून सोडलं. पाऊस होता, छत्री एकच, तरी आले. काकू ऐकणार नाहीत एवढ्या अंतरावर आल्यावर विचारलं, "एसी आहे म्हणतोस. बरं. आणि बाथरूम?" म्हटलं, बंड्यानं ते लिहिलं नाही. म्हणाले, "विचार. मी विचारलं म्हणू नको." आणि मग तिथंच उभ्या-उभ्या सांगितलं, की शेवटची पाच वर्षं ते ड्यूटीच्या आधी पाणीच प्यायचे नाहीत. डॉक्टरनं मुतखड्याचं कारण विचारलं तेव्हा घरात म्हणाले, खानापूरचं पाणी जड आहे.

तर ते तेवढं कळव, लवकर. आणि लिहिताना मलाच विचारायचं होतं असं लिही, म्हणजे पत्र त्यांना वाचून दाखवता येईल.

तुझा,
बाळ्या

ता.क. उतारावर करंट परत जाताना मीटरचा काटा उलटा फिरलेला दिसतो का तुला केबिनमध्ये, का तिथं नुसते आकडे? असला तर त्याचा फोटो काढ, गाडी उभी असताना नव्हे, धरत असताना. तू काढू नकोस, असिस्टंटला सांग.