घुमट रॅपमध्ये घ्या, पण आधी नीट तोडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चवथ (गणेश चतुर्थी) झाली की मोबाइलवर टिपलेली घुमट आरती, म्हणजे घुमट या चामडे चढवलेल्या मातीच्या वाद्याच्या साथीने गायलेली आरती, घ्यायची, तिच्याखाली तयार बीट लावायची आणि वर रॅप म्हणायचा, असा प्रकार आता नवा राहिलेला नाही. जुनी मंडळी म्हणतात, आरतीचा अपमान झाला. तक्रार चुकीच्या जागी आहे. कानाला खटकते ते लय न जुळल्यामुळे.

आरती संथ सुरू होते आणि शेवटाकडे द्रुत होते. रॅपची बीट मात्र मिनिटाला 90 ठोके धरली की शेवटपर्यंत 90च. आरतीचा सलग तुकडा तिच्याबरोबर सोडला तर दोन-तीन आवर्तने निभावतात, मग घुमट पुढे पळते. सॉफ्टवेअरने 96चे 90 केले तर कळतही नाही. 130चे 90 केले की थाप फाटते आणि कासाळी (झांजा) पाण्याखाली वाजल्यासारखी ऐकू येते.

हिप हॉपवाल्यांनी यावर फार पूर्वी उपाय शोधला: गाणे घ्यायचे नाही, ठेका तोडून घ्यायचा. 1973 साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये पार्टी करणाऱ्या कूल हर्क या डीजेने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर (रेकॉर्ड फिरवणाऱ्या तबकड्यांवर) ठेवून नुसत्या ड्रमचा तुकडा पुन्हापुन्हा वाजवायची पद्धत रूढ केली. 1987 साली आलेल्या एसपी-1200 या आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात जेमतेम 10 सेकंदांचा आवाज मावायचा. म्हणून लोक मिनिटाला 33 फेऱ्यांच्या रेकॉर्डी 45च्या वेगाने भरून घेत आणि आत गेल्यावर वेग खाली उतरवत. त्या काळच्या रॅपचा खरबरीत आवाज बराचसा त्या काटकसरीतून आला. आज मोबाइलमध्ये तासभर आवाज मावतो, म्हणून कुणी कात्रीच लावत नाही.

90च्या लयीत चार ठोक्यांचा एक बार 2.67 सेकंदांचा. आरतीत लय स्थिर असलेले दोनच बार, म्हणजे सुमारे 5.33 सेकंद, शोधा. तुकडा थापेच्या अगदी तोंडाशी कापा. आधी रिकामी जागा राहिली तर प्रत्येक फेरीत ठोका उशिरा पडतो, मधोमध कापला तर टक् असा आवाज येतो.

त्याहून बरे म्हणजे घुमट वेगळे रेकॉर्ड करणे. आरतीत शामेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य) आणि कासाळी सोबत असतात, आणि कासाळ्यांचा झणकार नेमका स, श, च या अक्षरांवर बसतो. शब्द कळत नाहीत ते त्यामुळेच. एक माइक चामड्यापासून वीतभर लांब ठेवला की थाप मिळते, दुसरा मागच्या लहान तोंडाशी ठेवला की डाव्या हाताने झाकता-उघडताना होणारा घुमार मिळतो. भाद्रपदाच्या दमट हवेत चामडे सैल पडून सूर उतरतो. तेव्हा घुमट शेकून घ्या आणि सगळ्या थापा एकाच बैठकीत टिपा. (घोरपडीच्या चामड्याचा हट्ट नको. 1972च्या वन्यजीव कायद्याने घोरपड संरक्षित आहे. बकऱ्याच्या चामड्यावर काम छान होते.)

सर्वांत जास्त माती होते ती खालच्या सुरांत. टीआर-808 या ड्रम मशीनच्या वळणाचा लांब घुमणारा किक (खालच्या सुरातला ड्रमचा ठोका) आणि घुमटाचा घुमार एकाच पट्ट्यात भांडतात, स्पीकरमधून नुसता गुरगुराट येतो. घुमटाचा 100 हर्ट्झखालचा भाग कापा किंवा किक आखूड करा. दोन्ही राजे एका गादीवर बसत नाहीत.

शब्दांचेही गणित आहे. 90च्या लयीत ठोक्याला चार अक्षरे म्हणजे सेकंदाला सहा. ‘स्वातंत्र्य’सारखी जोडाक्षरे लागोपाठ आली तर तिथे जीभ अडखळणारच. अशा ओळीत अक्षरे कमी करा आणि दर दोन बारांनंतर श्वासाला जागा सोडा.

एक हिशेब बहुतेकजण विसरतात. पारंपरिक आरती कुणाच्या मालकीची नाही, पण तिच्या ध्वनिमुद्रणावर आपल्या कायद्याने 60 वर्षे हक्क असतो. अमेरिकेत बिझ मार्की या रॅपरच्या 1991च्या खटल्यानंतर परवानगी न घेता तुकडा वापरणे महागात पडू लागले. तरी जेम्स ब्राऊनचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड, ज्याचा एक ठेका शेकडो रॅप गाण्यांत वाजला, त्याला त्याची रॉयल्टी मिळाली नाही. आपल्याकडे स्पर्धा भरवणाऱ्यांनी प्रवेशअर्जात एक रकाना वाढवावा: घुमट कोणी वाजवले, आणि त्याला किती मानधन दिले.

आपला,
एक वाचक, फोंडा