मेथीचा वास आणि टाचेवरचा थेंब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला व्यायामशाळांमधल्या पावडरींवरचा लेख आमच्या घरी दोनदा वाचला गेला. एकदा मी वाचला आणि एकदा नातवानं, तोही स्वतःचा डबा शेजारी ठेवून. डब्यावर ठळक छापलंय, ‘बीसीएए 2:1:1’. म्हणजे दोन भाग ल्युसीन, एकेक भाग आयसोल्युसीन आणि व्हॅलीन, ही तीन अमिनो आम्लं, प्रथिनांचे घटक. पोरानं तिन्ही नावं घडाघडा म्हणून दाखवली. मी तीस वर्षं प्रसूती विभागात काढली, पण ही नावं माझ्या कानावर पडली ती नोकरीच्या बाविसाव्या वर्षी, एक बाळ गेल्यानंतर. म्हणून हे पत्र.

अशा पावडरीची गरज नाही, हे लेखकाचं म्हणणं मला पटलं. स्नायू बांधायला नऊच्या नऊ आवश्यक अमिनो आम्लं लागतात. त्यांतली तीनच पोटात ओतली तर उरलेली सहा शरीरानं आणायची कुठून? दूध, अंडी, डाळी यांत ही तिन्ही बाकीच्यांसकट मिळतातच. नातवाला हे पटलं, तरी डबा संपेपर्यंत घेणार म्हणाला. पैसे दिलेत ना!

खटकलं ते एवढंच, की ही आम्लं अन्नातलीच असल्यानं कुणालाही बाधत नाहीत असा लेखाचा सूर आहे. काही बाळांना ती आईच्या दुधातूनसुद्धा बाधतात.

ते बाळ जन्मलं तेव्हा तीन किलोचं होतं. लगेच रडलं, पहिल्या दिवशी दूधही छान ओढलं. तिसऱ्या दिवशी मलूल झालं. चौथ्या दिवशी चिरका रडू लागलं, पाठीची कमान व्हायची, मधूनच सायकल मारल्यासारखे पाय हलायचे. लंगोट बदलताना गोडसर, करपलेल्या साखरेसारखा वास आला. आजी म्हणाली, सुनेला मेथीचे लाडू चालू केलेत, त्याचाच वास. आम्हीही माना डोलावल्या. जंतुसंसर्ग समजून औषधं सुरू झाली, मग मोठ्या रुग्णालयात पाठवलं. नवव्या दिवशी बाळ गेलं. तिथं घेतलेल्या रक्ताचा अहवाल नंतर आला आणि त्यात ल्युसीन प्रचंड वाढलेलं होतं.

या आजाराचं नाव मेपल सिरप युरिन डिसीज. 1954 मध्ये अमेरिकेत जॉन मेंकिस आणि सहकाऱ्यांनी एकाच घरातल्या चार भावंडांची हकिगत नोंदवली. चौघंही पहिल्या तीन महिन्यांत दगावली होती आणि त्यांच्या लघवीला मेपल नावाच्या झाडाच्या रसाच्या पाकासारखा वास होता. आपल्याकडे मेपलचा पाक कोण बघायला गेलंय? आपल्या नाकाला तो वास मेथीचाच वाटणार, आणि त्यात नाकाची चूक नाही. या वासामागचं सोटोलोन नावाचं द्रव्य मेथीतही असतं. आईनं मेथी खाल्ल्यामुळे ठणठणीत बाळाच्या अंगाला असा वास आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणजे त्या आजीचं म्हणणं एरवी खरंही ठरलं असतं. ते त्या बाळाच्या बाबतीत खरं नव्हतं.

या तीन आम्लांचं विघटन इतरांसारखं यकृतात सुरू होत नाही, ते मुख्यतः स्नायूंत सुरू होतं. त्याच्या दुसऱ्या पायरीवरचं विकर (एन्झाइम, म्हणजे ही क्रिया घडवणारं प्रथिन) निकामी असेल तर पुढची वाटच बंद होते. ल्युसीन आणि त्यापासून बनलेली आम्लं साचत जातात आणि मेंदूला सूज येते. पोटात असताना आईचं शरीर हा निचरा करत असतं, त्यामुळे जन्मताना बाळ अगदी गुटगुटीत दिसतं. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आलं तरच आजार होतो. या बाळाचे आईवडील सख्खे आतेमामेभावंडं होते. आमच्या भागात मामाची मुलगी करणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

आजार दुर्मीळ आहे, हे मान्य. जगभराचा अंदाज सुमारे 1 लाख 85 हजार जन्मांत एक असा आहे. पण पिढ्यानपिढ्या आपसात लग्नं करणाऱ्या अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या समाजात तो जवळपास 380 जन्मांत एक इतका आढळतो. त्यांच्यासाठी तिथे 1989 मध्ये खास दवाखाना निघाला. आता तिथं बाळाचं निदान पहिल्या काही दिवसांत होतं, ल्युसीनविरहित दूध सुरू होतं आणि मुलं वाढतात, शाळेत जातात. काहींचं यकृत प्रत्यारोपणही होतं, कारण नव्या यकृतात ते विकर चालू असतं. गंमत म्हणजे अशा मुलाचं काढलेलं यकृत दुसऱ्या रुग्णाला चालतं, कारण त्या रुग्णाचे स्नायू उरलेलं काम उरकतात.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. केंद्राच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात या आजाराचं नाव आहे, 50 लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्यासाठीच्या केंद्रांपैकी एक आहे. पण केईएमपर्यंत पोचायला आजाराचं नाव आधी कळायला हवं. त्यासाठी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाचेला सुई टोचून कागदावर रक्ताचे थेंब घ्यायचे, एवढंच करावं लागतं. त्या थेंबांत ल्युसीन मोजता येतं. शेजारच्या गोव्यानं सरकारी रुग्णालयांत नवजात बाळांची अशी तपासणी 2008 मध्येच सुरू केली. मी निवृत्त होईपर्यंत आमच्याकडे ती नव्हती. आता ती प्रत्येक सरकारी प्रसूतिगृहात व्हावी आणि अहवाल आठवड्याच्या आत हातात पडावा, कारण उशिरा आलेला कागद आम्ही एकदा वाचलेला आहे.

तोवर माझ्या धाकट्या सहकारी भगिनींना एक सांगणं आहे. बाळ मलूल असेल आणि लंगोटाला मेथीचा वास येत असेल, तर लाडवांवर ढकलू नका. लघवीत कीटोनची (चरबी जळताना बनणाऱ्या द्रव्यांची) पट्टी बुडवा. नवजात बाळाच्या लघवीत कीटोन सहसा सापडत नाहीत. नुसत्या आईच्या मेथीमुळे वास येणारं बाळ दूध ओढतं, खेळतं आणि पट्टीचा रंग बदलत नाही. रंग बदलला तर डॉक्टरांना तेवढ्यात उठवा, सकाळची वाट बघू नका.

त्या पट्ट्या आमच्या वॉर्डातही होत्या. मधुमेही बाळंतिणींसाठी आणलेल्या, औषधांच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, जि. सातारा