उद्यमनगरच्या रेडिएटरवाल्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही "असू दे, असू दे" म्हणून विषय संपवता, त्यामुळे तुमचे आभार नीट मानायचे राहूनच गेले. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. कोल्हापुरात असा माणूस आहे हे चार लोकांना कळलंच पाहिजे.

आमची गाडी म्हणजे १९६६ चा, नाकवाला टाटा मर्सिडीज ट्रक. टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, मर्सिडीजवाल्या डेमलर-बेंझशी करार १९५४ ते १९६९ असा चालला. त्या वर्षांत जमशेदपूरहून निघालेल्या या गाड्यांच्या जाळीवर तीन टोकांचा तारा असायचा, आमच्या गाडीवर तो अजून आहे. आजोबांनी या गाडीवर गुळाच्या ढेपा वाहिल्या, आण्णांनी ऊस ओढला. आता ती धंद्याला नाही, पण घरातून जाणारही नाही.

ती तापायला लागली, तेव्हा तुमच्या आधी ज्यांच्याकडे गेलो त्यांची नावं घेत नाही. एकाने रेडिएटर न उघडताच निकाल दिला, "भंगार झालाय, ॲल्युमिनियमचा बसवा. हा राहू दे आमच्याकडेच." दुसऱ्याने आतल्या गळक्या नळ्यांची तोंडं कथलाचा डाग मारून बुजवून टाकली आणि पूर्ण कामाचे पैसे घेतले. नळ्या बुजवल्या की गळती थांबते, हे खरं. पण मग पाणी फिरणार कुठून आणि गार होणार कुठे? जरा चढ लागला की काटा लालवर. तक्रार केली तर मलाच ऐकवलं, "असल्या गाडीचा नाद करू नये माणसानं." तो शब्द अजून डोक्यातून गेलेला नाही.

तुम्ही वरची टाकी उकलली आणि मला हाक मारलीत. "या, बघा हे." निम्म्याहून जास्त नळ्या बंद. काही डागाने, काही बोअरच्या पाण्याच्या क्षाराने, आणि मध्येमध्ये पिवळट गाळ. वाटेत गळती थांबावी म्हणून कधीकाळी कुणीतरी हळद टाकलेली, ती तिथेच घट्ट बसली होती. कोअर, म्हणजे दोन टाक्यांमधला नळ्यांचा गाभा, नवीन लागेल, तोही तांब्याचाच; दोन्ही पितळी टाक्या मात्र आहेत त्याच ठेवू, हे तुम्ही तिथेच सांगितलंत. तांब्यातून उष्णता जास्त चांगली निघते आणि पुढे कधी गळलंच तर डाग मारता येतो, हे इतक्या सोप्या शब्दांत मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

काम उत्तम झालं, त्याचे पैसे मी दिले. आभार त्याचे नाहीत.

निघताना तुम्ही पोऱ्याला सांगून जुना कोअर गोणपाटात बांधलात आणि गाडीत ठेवायला लावलात. मी म्हटलं, काका, हे कशाला? तर मान वरही न करता तुम्ही म्हणालात, "तांबं तुमचं हाय. विकायचं तर वजन समोर करून विका." मी मागितलं नव्हतं, मला सुचलंही नव्हतं. ट्रकच्या कोअरमधलं तांबं-पितळ म्हणजे काही किरकोळ रक्कम नव्हे. ते तुम्ही ठेवून घेतलं असतं तर मला कधी कळलंही नसतं. पहिल्या दुकानात "राहू दे आमच्याकडेच" का म्हणत होते, ते मला त्या गोणपाटाकडे बघताना समजलं.

घरी आल्यावर आण्णांना सांगितलं, तर त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या वेळी घाटात बंद पडलेल्या गाडीला अनोळखी ड्रायव्हर आपल्याजवळचं पाणी देऊन जायचे, नावही न सांगता. "तसली माणसं हायत अजून," एवढंच ते म्हणाले. मीही हेच सांगतोय सगळ्यांना. कुणी बघत नसताना दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याचीच राहते, यापेक्षा मोठा चांगुलपणा मला तरी माहीत नाही.

परवा साखरप्याकडून आंबा घाट चढून आलो. आण्णा शेजारी बसले होते, त्यांचं लक्ष रस्त्यापेक्षा काट्यावरच जास्त. वरपर्यंत काटा मध्यावरून हलला नाही.

येत्या रविवारी काकूंना घेऊन जेवायला यायचंय. तांबडा-पांढरा केलाय असं समजा. आण्णांना तुम्हाला भेटायचंच आहे, तेव्हा नाही म्हणू नका. न्यायला मीच येतो, हीच गाडी घेऊन.

तुमचा,
ताऱ्याच्या गाडीवाला